लोहाची शिल्लक आणि हृदयाचा हिशेब

आपल्या वस्त्यांमधून हृदयविकाराबद्दल दोन समज फार जुने आहेत. पहिला असा की, हा बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, अंगमेहनत करणाऱ्याला तो होत नाही. दुसरा असा की, बाईमाणसाला हार्ट अॅटॅक येत नाही. हे दोन्ही समज खोटे ठरवणारे मृत्यू आपण चाळीचाळींतून पाहतो, तरी ते टिकून आहेत. आता त्यात तिसऱ्याची भर पडू पाहते आहे. रक्तवाढीच्या गोळ्यांनी, म्हणजे लोहाच्या गोळ्यांनी, हृदयविकार होतो, असे कुणीतरी कुठेतरी वाचलेले असते. मग आशाताईने घरी आणून दिलेली लाल गोळी डब्यात तशीच पडून राहते आणि गरोदर सुनेचे हिमोग्लोबिन आठवर येऊन थांबते.

हा तिसरा समज अधिक घातक आहे, कारण तो निव्वळ थाप नाही. त्याच्या मुळाशी खरे संशोधन आहे. अर्धे ऐकले की ते भीती घालते, आणि पूर्ण ऐकले तर उपयोगी पडते. मी डॉक्टर नाही. दिवसभर कचेरीत जमाखर्चाच्या रकान्यांत डोके घालणारा माणूस आहे. परंतु लोह, कोलेस्टेरॉल आणि शरीरातील सूज या तीन गोष्टींचा हृदयाशी काय संबंध आहे, हे आपल्या घरातील हिशेबाइतक्याच सोप्या भाषेत सांगता येते. वाचक बंधुभगिनींनो, तेवढेच येथे करावयाचे आहे.

शरीरातील लोहाची खतावणी

प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याएवढे. त्यातील दोन तृतीयांश लोह रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचविण्याचे हमालीचे काम हे हिमोग्लोबिन करते. उरलेल्यापैकी बराचसा भाग यकृतात आणि इतरत्र शिल्लक म्हणून ठेवलेला असतो. ही शिल्लक ज्या प्रथिनात साठवली जाते त्याला फेरिटिन म्हणतात. हिमोग्लोबिन ही हातातली रोकड, तर फेरिटिन हे पोस्टातले बचत खाते. घरात खर्च वाढला की आधी बचत संपते, मग रोकड आटते. लोहाचेही तसेच आहे. हिमोग्लोबिन उतरलेले दिसते तेव्हा बचत बहुधा कधीच संपलेली असते.

या खात्याची एक विशेष गोष्ट अशी की, जादा झालेले लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. रोज फक्त १ मिलिग्रॅमच्या आसपास लोह त्वचेतून व आतड्यातून झडते. म्हणून किती लोह आत घ्यायचे, यावर आतड्याच्या दारातच नियंत्रण असते. स्त्रीच्या खात्याला मात्र जादा खर्च आहेत. मासिक पाळी दर महिन्याला लोह घेऊन जाते. एका बाळंतपणाला एकूण सुमारे १ ग्रॅम लोह लागते. त्यामुळे निरोगी पुरुषाची शिल्लक साधारण १ ग्रॅम असेल, तर निरोगी स्त्रीची जेमतेम ३०० मिलिग्रॅम असते. ही पोटभर खाणाऱ्या निरोगी बाईची गोष्ट झाली. आपल्याकडे सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्यावर भागविणाऱ्या बाईच्या खात्यात काय शिल्लक असणार?

याचे उत्तर सरकारी पाहणीतच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते, तर पाच वर्षांखालील बालकांत ६७ टक्के. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचे वाचावे.

शंका निघाली कोठून?

पाळी चालू असलेल्या वयात स्त्रियांना हृदयविकाराचा झटका पुरुषांपेक्षा बराच कमी येतो आणि पाळी गेल्यावर हे अंतर कमी होत जाते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे श्रेय स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांना दिले जात असे. १९८१ साली जेरोम सुलिव्हन या अमेरिकन डॉक्टरने ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात वेगळाच विचार मांडला. दर महिन्याला रक्त जाते म्हणून स्त्रीची लोहाची शिल्लक कमी राहते, आणि ही कमी शिल्लकच तिच्या हृदयाचे रक्षण करत असेल, असे त्यांचे म्हणणे होते.

या कल्पनेला रसायनशास्त्राचा आधारही होता. मोकळे लोह आपल्याभोवतीच्या पदार्थांचे ऑक्सिडीकरण घडवून आणते. रक्तातील कोलेस्टेरॉलच्या कणांवर असा परिणाम झाला की ते जणू गंजतात आणि असे बिघडलेले कण रक्तवाहिनीच्या भिंतीत लवकर साठतात.

पुढे १९९२ साली फिनलंडमधून मोठी बातमी आली. तेथील पूर्वेकडच्या क्वोपिओ भागातील १,९३१ पुरुषांवर युक्का सालोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी तीन वर्षे लक्ष ठेवले होते. ज्यांच्या रक्तात फेरिटिन दर लिटरला २०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक होते, त्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या २.२ पट आढळला. जगभर या निष्कर्षाची चर्चा झाली. ‘लोह म्हणजे हृदयाचा शत्रू’ हे वाक्य तेव्हापासून फिरत राहिले.

शंकेची परीक्षा

परंतु विज्ञानात एका अभ्यासावर निकाल लागत नाही. त्या १,९३१ पुरुषांपैकी झटका आलेले होते ५१. इतक्या थोड्या घटनांवरून काढलेला निष्कर्ष दुसरीकडेही तसाच निघतो का, हे पाहावे लागते. १९९९ साली अशा बारा अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासण्यात आली. त्यांत हृदयविकाराचे सुमारे ७,८०० रुग्ण होते. लोहाच्या शिल्लकीचा आणि हृदयविकाराचा पक्का संबंध त्यातून सिद्ध झाला नाही.

मग खरी कसोटी घेण्यात आली. लोह जास्त असणे हेच जर कारण असेल, तर लोह काढून टाकल्यावर रोग कमी झाला पाहिजे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून पायाच्या रक्तवाहिन्या चोंदलेले १,२७७ रुग्ण निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाचे दर सहा महिन्यांनी ठरावीक रक्त काढून लोहाची शिल्लक उतरवली. दुसऱ्या गटाचे रक्त काढले नाही. २००७ साली निकाल जाहीर झाला. दोन्ही गटांतील मृत्यूंत जो थोडा फरक दिसला, तो योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता. वयाने लहान रुग्णांना काही फायदा झाल्यासारखा दिसला, म्हणून अभ्यासकांचे कुतूहल शिल्लक आहे. परंतु रक्त काढून हृदयविकार टाळावा, असा उपचार त्यातून उभा राहिला नाही.

उलट बाजूचाही पुरावा आहे. ज्यांचे हृदय कमजोर होऊन दम लागतो, पायावर सूज येते, अशा रुग्णांपैकी अनेकांत लोह कमी असते. अशा ४५९ रुग्णांवरील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. शिरेतून लोह दिल्यावर त्यांची चालण्याची ताकद वाढली आणि त्यांना बरे वाटू लागले. म्हणजे येथे हृदयाच्या रुग्णाला लोह देणे हाच उपचार ठरला. शिवाय रक्त फारच कमी असले की तेवढाच प्राणवायू पोचविण्यासाठी हृदयाला जादा धावावे लागते. छातीत धडधड होते, चढावर धाप लागते. अशा बाईने हृदयाच्या भीतीने लोहाची गोळी सोडणे म्हणजे हृदयावरचा बोजा स्वतःहून वाढविणे होय.

कोलेस्टेरॉलवरचा आरोप शाबीत झालेला आहे

लोहावरचा आरोप शाबीत झाला नाही, तसा कोलेस्टेरॉलवरचा झाला आहे. १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचतात, हे दाखविले. अमेरिकेचे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शरीर हे कोलेस्टेरॉल रक्तातून कसे उचलते, याचा शोध लावला. त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही कुटुंबांत जन्मतःच हे उचलण्याचे काम अडखळते. त्या घरांतून ऐन तारुण्यात झटके येतात, असेही दिसून आले.

कोलेस्टेरॉल रक्तातून वाहून नेणाऱ्या कणांपैकी एलडीएल हे घातक असतात. ते धमनीच्या भिंतीत शिरून बसतात. वर्षानुवर्षे त्यांचा थर जाड होत जातो आणि हृदयाला रक्त पुरविणारी वाट अरुंद होते.

येथेही औषधाची कसोटी झाली. १९९४ साली डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांतील ४,४४४ हृदयरुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कोलेस्टेरॉल उतरविणारी सिम्व्हास्टॅटिन ही गोळी दिली होती आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात औषध नसलेल्या गटात २५६ मृत्यू झाले, तर औषधाच्या गटात १८२. असा फरक योगायोगाने पडत नाही. लोह काढून जे साधले नाही, ते एलडीएल उतरवून साधले.

हा आपला प्रश्न नाही, असे कुणी समजू नये. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर देशांतील लोकांपेक्षा लवकर येतो. भारतासह ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आपल्याकडील रुग्णांचे सरासरी वय ५३ वर्षे होते, तर इतर देशांतील रुग्णांचे जवळजवळ ५९. त्रेपन्नावे वर्ष म्हणजे मुलीचे लग्न ठरत असते, धाकट्याचे शिक्षण चालू असते आणि घराचे कर्ज फिटायचे असते. त्या वयात कर्ता माणूस गेला तर घर दहा वर्षे मागे जाते. आणि माणूस अंगाने बारीक असला म्हणून त्याचे कोलेस्टेरॉल ठीकच असेल, असेही नाही.

आतल्या आत धुमसणारी सूज

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते. शरीराने शत्रूशी लढण्यासाठी तेथे फौज पाठविलेली असते. काटा निघाला की सूज उतरते. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साठले की तेथेही अशीच फौज जमते. परंतु तेथला काटा निघतच नाही. कोलेस्टेरॉल खाऊन फुगलेल्या पेशी तेथेच मरतात, नव्या येतात आणि सूज वर्षानुवर्षे धुमसत राहते. शेवटी त्या थराची वरची साल फाटते, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि रक्ताची वाट एकाएकी बंद होते. यालाच आपण झटका म्हणतो. म्हणूनच कालपर्यंत ओझे उचलणारा माणूस आज अचानक कोसळतो.

ही सूज मोजण्याची एक खूण म्हणजे सीआरपी हे प्रथिन. सूज असली की यकृत ते जास्त तयार करते. १९९७ साली पॉल रिडकर यांनी अमेरिकेतील निरोगी पुरुषांच्या साठवून ठेवलेल्या रक्ताची तपासणी करून दाखविले की, ज्यांचे सीआरपी जास्त होते त्यांना पुढे झटके जास्त आले. २०१७ साली दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर फक्त सूज कमी करणाऱ्या एका इंजेक्शनचा प्रयोग झाला. कोलेस्टेरॉलला हात न लावताही एका मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले, म्हणून ते औषध सर्रास वापरात आले नाही. गाउट या सांधेदुखीवरचे कोल्चिसिन हे जुने औषध अगदी थोड्या मात्रेत काही हृदयरुग्णांना उपयोगी पडते, असे २०२० साली दिसले. पण झटका आल्याबरोबर ते सुरू करून पाहणाऱ्या २०२४ च्या मोठ्या अभ्यासात फायदा आढळला नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या सांध्याची गोळी आपल्या हृदयासाठी घेण्याचा विचारही करू नये.

लोह, सूज आणि हृदय यांचा गुंता येथे सुटतो. फेरिटिन हे लोहाचे खाते खरे, पण अंगात सूज असली की लोह वाढलेले नसतानाही फेरिटिनचा आकडा वर चढतो. सुजेच्या काळात यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते. ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातून बाहेर पडू देत नाही. तिजोरी भरलेली दिसते, पण तिला कुलूप असते. विडी ओढणाऱ्या, पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या माणसात अशी सूज असतेच. मग त्याला झटका आला आणि त्याचे फेरिटिनही जास्त निघाले, तर दोष लोहाचा की सुजेचा? पहिल्या अभ्यासांत लोहावर आलेला ठपका काही अंशी तरी सुजेचा असण्याचा संभव आहे. म्हणून फेरिटिनचा कागद एकटा वाचू नये, शेजारी सीआरपीचा आकडा ठेवून डॉक्टरांकडून समजून घ्यावा. क्षयरोग, आमवात किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर हे फारच महत्त्वाचे आहे. उलट साध्या सर्दीतापानेही सीआरपी वाढते, तेव्हा एका कागदाने घाबरूनही जाऊ नये.

क्वोपिओच्या शेजारी काय घडले?

ज्या पूर्व फिनलंडमधून लोहाची बातमी आली, तेथली आणखी एक गोष्ट आहे. क्वोपिओच्या शेजारचा उत्तर कारेलिया हा प्रांत एके काळी हृदयविकाराने होणाऱ्या पुरुषांच्या मृत्यूंसाठी जगात कुप्रसिद्ध होता. लाकूडतोडे आणि शेतकरी, अंगमेहनतीची माणसे ऐन चाळिशी-पन्नाशीत मरत होती. लोकांनी स्वतः सरकारकडे मागणी केली आणि १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तेथे मोहीम सुरू झाली.

त्यांनी काय केले? भाकरीइतकेच लोणी खाणाऱ्या त्या लोकांना लोणी कमी करायला लावले. मीठ कमी केले. तंबाखू सोडवली, रक्तदाबावर नियमित उपचार सुरू केले, भाज्या वाढविल्या. मार्था नावाच्या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव संध्याकाळच्या बैठका भरवून कमी चरबीचा स्वयंपाक करून दाखविला. पुढील चाळीस वर्षांत कामकऱ्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. तेथे कुणाचे लोह काढले नव्हते. हे काम स्वयंपाकघरातून आणि गावच्या बैठकीतून झाले. आपली महिला मंडळे हे करू शकणार नाहीत काय?

आपल्या घरी काय करावे?

माता-भगिनींनो, पहिली गोष्ट तुमची. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२, गरोदर स्त्रीचे ११ आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली असले की तो रक्तक्षय समजतात. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी भीतीने सोडू नका. तिने शौचास काळे होते, कधी मळमळते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, निदान तासाभराचे अंतर ठेवा. हिमोग्लोबिन सुधारले म्हणून गोळी लगेच बंद करू नका. रिकामी झालेली बचत भरायला पुढे सुमारे तीन महिने लागतात. आणि गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. लहान मुलाने त्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते.

ताटात हिरव्या पालेभाज्या, मटकी, हरभरा, बाजरी आणि परवडेल तेव्हा मासळी, मटण किंवा कलेजी असावी. डाळ-भाजीतील लोह अंगी लागायला लिंबू, आवळा किंवा पेरू मदत करतो. पण रक्त फार उतरले असेल तर केवळ गूळ-शेंगदाण्याने ते भरून येत नाही, गोळी लागतेच.

दुसरी गोष्ट पुरुषांची. थकवा आला की ताकदीचे टॉनिक आणायचे, ही सवय सोडावी. जिना चढताना छातीत आवळते, चालताना दम लागतो आणि थांबले की बरे वाटते, ही लक्षणे टॉनिकची बाटली मागत नाहीत, तपासणी मागतात. पुरुषाचे रक्त खरोखर कमी निघाले, तर ते कोठून जाते आहे हे शोधलेच पाहिजे. मूळव्याध, पोटातील जखम, जंत, वेदनाशामक गोळ्यांचा रोजचा वापर किंवा आतड्याचा कर्करोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. पाळी गेलेल्या स्त्रीलाही हेच लागू आहे.

तिसरी गोष्ट विदर्भातील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. तेथे आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात रक्तपेशी वेळेआधी फुटतात, म्हणून रक्त कमी दिसते. लोह कमी असेलच असे नाही. ज्यांना वरचेवर रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात तर लोह साठत जाते आणि ते यकृताला व हृदयाच्या स्नायूला इजा करते. थॅलेसेमियाच्या मुलांचेही तसेच. येथे लोहाची शिल्लक जास्त होणे हा खरोखरचा धोका आहे. तेव्हा गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, हाडे-सांधे वरचेवर दुखत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या आणि अशा रुग्णाला फेरिटिन पाहिल्याशिवाय स्वतःच्या मनाने लोह देऊ नका. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली आहे. तिच्याखालील तपासणीचा लाभ घ्यावा.

चौथी गोष्ट रक्तदानाची. जयंतीच्या शिबिरात रक्त दिल्याने हृदयविकार टळतो, असे काही जण सांगतात. रक्तदाते मुळातच निरोगी असतात, म्हणून त्यांना झटके कमी आलेले दिसणे साहजिक आहे. रक्त द्यावे ते दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून. हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असले पाहिजे आणि दोन दानांमध्ये पुरुषाने तीन महिन्यांचे, स्त्रीने चार महिन्यांचे अंतर ठेवले पाहिजे.

पाचवी गोष्ट साऱ्या घराची. विडी, गुटखा आणि मशेरी यांना घरात थारा नको. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आत बसवावे, डालडा आणि तळून उरलेले तेल पुन्हा वापरणे टाळावे. मीठ दिवसाला माणशी एक लहान चमचा, त्यातच पापड, लोणचे आणि खारी मासळी धरावी. दात-हिरड्यांची सूजही अंगावर काढू नये. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली असेल तर बरे वाटते म्हणून बंद करू नये. तिचे काम दिसत नाही, पण चालू असते. जेनेरिक दुकानात ती स्वस्तात मिळते.

छातीत आवळून आले, घाम फुटला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. १०८ ला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. स्त्रियांत पुष्कळदा नुसती धाप, मळमळ आणि विलक्षण थकवा एवढेच दिसते, म्हणून त्यांना पोचायला उशीर होतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अॅन्जिओप्लास्टीसारखे उपचार मिळतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका जागी तयार ठेवा.

शेवटी एकच विनंती. या रविवारी मुलांच्या जुन्या वहीतील कोरे पान घ्या. घरातील प्रत्येकाचे नाव लिहा आणि समोर पाच रकाने आखा: हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू. आईचे आणि सुनेचे नाव सर्वांत वर घ्या, कारण त्यांची तपासणी नेहमी सर्वांत शेवटी होते. माहीत असलेले आकडे तारखेसह भरा. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. जो रकाना कोरा राहील, त्या तपासणीसाठी येत्या आठवड्यात घरातून कुणीतरी सोबत जावे.